लेप्टिन वाढलंय म्हणून ठोका चुकतो का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. वय ४६, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८६ किलो. मनगटावरच्या घड्याळाने दोन महिन्यांत दोनदा ठोके अनियमित असल्याचा इशारा दिला. दुसऱ्या वेळी तुम्ही तडक दवाखाना गाठलात म्हणून ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, सापडलं. चार तासांनी ते आपोआप थांबलं. मग घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं मोठं पॅकेज घेतलंत. त्यात चरबीतून येणाऱ्या दोन हार्मोन्सपैकी लेप्टिन वाढलेलं आणि ॲडिपोनेक्टिन, ज्याला ‘चांगलं’ म्हणतात, ते कमी निघालं. त्यातच वडिलांचीही तपासणी उरकलीत. ते ७२ वर्षांचे, किडकिडीत, रक्तदाबाची गोळी चालू, एएफ तीन वर्षांपासून, आणि त्यांचं ॲडिपोनेक्टिन मात्र भरपूर. तुमचा मुख्य प्रश्न असा की लेप्टिन कमी करायची गोळी कोणती. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारलंय की वडिलांचं ‘चांगलं’ हार्मोन एवढं असताना त्यांची रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल ना, कारण हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ते वैतागलेत.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाकीचं महिनाभर थांबलं तरी बिघडणार नाही, हे थांबू शकत नाही. गोळी बंद करू नका. आधीच केली असेल तर आज त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटली की बहुतेक वेळा मेंदूकडे जाते. एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो तो यामुळे. गोळी द्यायची की नाही हे आम्ही ठरवतो ते वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात, हृदयाची पंपिंग शक्ती, धमन्यांचे आजार यांचे गुण मांडून. तुमच्या वडिलांना वयाचा एक आणि रक्तदाबाचा एक, असे दोन गुण इथेच झाले. या हिशेबात ॲडिपोनेक्टिन नावाचा रकानाच नाही. हिरड्यांच्या रक्ताचं उत्तर वेगळ्या ठिकाणी शोधायचं: दातांच्या डॉक्टरांना दाखवा, क्रिएटिनिन करून गोळीचा डोस मूत्रपिंडाला झेपेल एवढाच आहे ना ते तपासा, आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा स्वतः उघडून बघा. माझ्या ओपीडीत दर महिन्याला एखादे काका असे निघतात की रक्त पातळ करायची गोळी चालू असतानाच शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन घेतायत आणि गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळीही. दोष मात्र सगळा मुख्य गोळीच्या माथी.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या मनातलं गणित मला असं दिसतं: लेप्टिन वाढलं, त्यामुळे ठोका बिघडला, म्हणून लेप्टिन खाली आणलं की ठोका सुधारेल. यातला पहिला दुवा अर्धा खरा आहे, दुसरा चुकीचा. खरा प्रश्न वेगळा आहे. शरीरातली चरबी हृदयाच्या विजेपर्यंत पोहोचते कशी, आणि त्या वाटेवरचं काय तुमच्या हातात आहे?

चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, असंच आम्हीही शिकलो होतो. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत भरमसाट लठ्ठ होणाऱ्या उंदरांमधला बिघडलेला जीन सापडला आणि त्यातून लेप्टिन उजेडात आलं. लेप्टॉस हा ग्रीक शब्द, अर्थ बारीक. चरबीच्या पेशी हे हार्मोन रक्तात सोडतात आणि मेंदूला कळवतात की कोठार भरलंय, आता जेवण आवरा. लगेच सगळ्यांना वाटलं की लठ्ठपणावर औषध मिळालं. पण लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हतं, उलट उदंड होतं. मेंदूच त्याला जुमानत नव्हता. ज्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन बनत नाही अशा अगदी मोजक्या मुलांना ते बाहेरून दिल्यावर फरक पडला, बाकीच्यांना म्हणावा तसा नाही. तेव्हा तुमचं वाढलेलं लेप्टिन हा स्वतंत्र आजार नाही. ८६ किलोच्या शरीरातल्या चरबीने लावलेली ती हजेरी आहे. बायकांमध्ये ते मुळातच पुरुषांपेक्षा जास्त असतं, रात्री चढतं, दोन-तीन दिवस कडक उपास केला तर चरबी फारशी न घटताही धाडकन उतरतं. नवरात्रात तपासलं असतं तर तुमचाच रिपोर्ट वेगळा आला असता.

ॲडिपोनेक्टिन हे दुसरं. तेही चरबीतूनच येतं, पण चरबी वाढली की हे कमी होतं. रक्तवाहिन्यांची जळजळ शमवणं, इन्सुलिनचं काम सोपं करणं हे त्याचे गुण, म्हणून लॅबच्या कागदावर त्याच्यापुढे ‘संरक्षक’ असं छापलेलं असतं. तिसरं रेझिस्टिन, २००१ मध्ये वर्णन केलेलं. माणसांमध्ये ते चरबीच्या पेशींपेक्षा त्यांच्या आसपास जमलेल्या दाहाच्या पेशींतून जास्त येतं.

आता यांचा ठोक्याशी संबंध. लेप्टिन सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला सावध करणाऱ्या, नसांना चेतवतं, त्याने नाडी आणि रक्तदाब वर जातो. हृदयाच्या स्नायूत व्रणासारखे तंतू वाढवणाऱ्या प्रक्रियेतही त्याचा हात दिसतो. लेप्टिन बनवूच न शकणाऱ्या उंदरांना अँजिओटेन्सिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं हार्मोन, दिल्यावर त्यांच्या वरच्या कप्प्यांत साध्या उंदरांपेक्षा कमी तंतू तयार झाले आणि एएफही कमी झालं. झालं तर मग, असं वाटेल. पण वरच्या कप्प्याच्या सुट्या पेशींवरच्या दुसऱ्या प्रयोगात लेप्टिनने ॲड्रिनलिनसारख्या औषधाचा त्रासदायक परिणाम उलट कमी केला. म्हणजे प्रयोगशाळेतच याची बाजू एक नाही.

माणसांकडे येऊ. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा पाठपुरावा चाललाय. त्या लोकांच्या मुलामुलींच्या पिढीत रेझिस्टिन जास्त असणाऱ्यांना पुढे एएफ जास्त झालेलं दिसलं, ॲडिपोनेक्टिनचा मात्र धड संबंध लागला नाही. आणि दाहाचं मोजमाप, म्हणजे सीआरपी, हिशेबात धरल्यावर रेझिस्टिनचा जोरही ओसरला. दुसऱ्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ६५ च्या पुढची माणसं होती. तिथे ॲडिपोनेक्टिन जितकं जास्त तितकं एएफ जास्त निघालं. होय, ‘चांगलं’ हार्मोन जास्त आणि ठोका जास्त बिघडलेला. तुमच्या वडिलांचं कोडं नेमकं हेच आहे, आणि मला या विषयात सगळ्यात रस आहे तो इथेच.

असं का व्हावं? हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ते स्वतःचं एक हार्मोन सोडतं, रक्तात बीएनपी म्हणून मोजतो ते. हे हार्मोन चरबीच्या पेशींना ॲडिपोनेक्टिन जास्त बनवायला लावतं. मूत्रपिंड मंदावलं तरी ॲडिपोनेक्टिन रक्तात साचतं. वयाबरोबर स्नायू झडले, माणूस वाळला तरी ते चढतं. म्हणजे पंचेचाळिशीच्या गुबगुबीत माणसात ‘भरपूर ॲडिपोनेक्टिन’ ही खुशखबर असेल, पण बाहत्तरीच्या किडकिडीत माणसात तोच आकडा ‘आत काहीतरी ताण आहे, बघा’ असं सांगत असू शकतो. कागदावर दोघांपुढेही तोच हिरवा रंग छापलेला. वडिलांच्या बाबतीत मी तीन गोष्टी विचारीन. गेल्या वर्षभरात वजन आपोआप उतरलंय का? टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? थायरॉइड जोरात चाललं की वजनही उतरतं आणि एएफही होतं, आणि म्हाताऱ्या माणसात त्याची दुसरी लक्षणं दिसतीलच असं नाही. तिसरं, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किती जुना आहे? त्यात मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली, झडप नीट बघितली आहे ना? आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद होऊन एएफ झालेले रुग्ण अजून बरेच आहेत, आणि झडप तशी असेल तर नव्या गोळ्यांपेक्षा जुनी, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) तपासत घ्यायची गोळीच सरस ठरते. २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीनेही हेच दाखवलं.

परत तुमच्याकडे. दंडातल्या शिरेतून काढलेल्या रक्तातला हा आकडा मला फारसा उपयोगी का वाटत नाही, ते सांगायला एक दृश्य उभं करतो. निवासी डॉक्टर असताना बायपासच्या शस्त्रक्रिया बघायला मी टेबलाच्या डोक्याकडे स्टुलावर उभा राहायचो. बाहेरचं आवरण कापून बाजूला केलं की हृदय लाल दिसेल अशी माझी पुस्तकी कल्पना. दिसायची ती पिवळी चरबी, थिजलेल्या तुपासारखी, ठोक्यागणिक हलणारी. काही रुग्णांत ती इतकी जाड असायची की सर्जनला धमनी कुठे आहे ते तिच्यात शोधावं लागायचं. ही हृदयाची स्वतःची चरबी. पोटाची चरबी आणि आतडी यांच्यामध्ये पडदे असतात, पण ही चरबी आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये काहीही नाही. दोघांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यासुद्धा त्याच. ती जे झिरपवते ते शेजारच्या स्नायूत थेट उतरतं, दंडापर्यंत यायची त्याला गरज नाही.

पॅरिसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेली अशी मानवी चरबी घेतली, तिने सोडलेले पदार्थ उंदराच्या वरच्या कप्प्याच्या तुकड्यांवर आठवडाभर ठेवले, तर त्या तुकड्यांत तंतू वाढले. त्वचेखालच्या चरबीने तसं केलं नाही. दोषी पदार्थांपैकी एक ॲक्टिव्हिन ए नावाचं प्रथिन. तंतू वाढले की वीज सरळ जात नाही, अडते, वळसे घेते, आणि अशा वळशांतून एएफ सुरू होतं आणि टिकतं. शिवाय चरबीच्या पेशी स्नायूच्या धाग्यांमध्ये घुसून त्यांना एकमेकांपासून तोडतात ते वेगळंच. इको करताना ही चरबी उजव्या खालच्या कप्प्याच्या पुढ्यात पट्टीसारखी दिसते. कुणी रिपोर्टात लिहीत नाही, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारलंत तर दाखवतील.

हार्मोन ही चरबीची एक वाट. बाकीच्या साध्या आहेत आणि कदाचित जास्त मोठ्या. वजन वाढलं की फिरवायचं रक्त वाढतं, रक्तदाब वाढतो, डावा वरचा कप्पा ताणला जातो. मानेभोवती चरबी जमली की झोपेत श्वास अडतो. रात्रीतून कितीतरी वेळा ऑक्सिजन खाली आणि ॲड्रिनलिन वर, असा खेळ चालतो. तुम्ही घोरता का, हे तुम्हाला ठाऊक नसणार. घरी विचारा. घोरणं मध्येच थांबून दचकून परत सुरू होत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. तिचे पैसे लेप्टिनच्या पैशांपेक्षा नक्की सत्कारणी लागतील.

वजन आणि एएफ यांचं नातं मात्र पक्कं आहे. फ्रेमिंगहॅममध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकाने वाढला की एएफचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि जन्मतःच्या जनुकांवरून केलेले अभ्यासही वजनाला कारण म्हणूनच दाखवतात. तुमचा बीएमआय येतो जवळपास ३०. युरोपीय कोष्टकात तो ‘जादा वजन’ या रकान्यात बसतो, म्हणून लॅबने पिवळा रंग दिलाय. आपल्यासाठी लठ्ठपणाची रेघ २५ लाच आहे, आणि याला सबळ कारण पुण्यातच सापडलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. पुणे परिसरातल्या बाळांमध्येही याज्ञिकांच्या चमूला हेच दिसलं होतं, वजनाने लहान पण त्या मानाने चरबी राखून असलेली बाळं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हा आपला ओळखीचा देह. म्हणून वजनकाट्यापेक्षा मी टेपवर जास्त भरवसा ठेवतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर मोजा. पँट बांधता तिथे नाही; ती आपण सगळेच पोटाच्या खाली बांधतो. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०, याच्या पुढे गेलं तर आतली चरबी जास्त आहे असं धरून चाला. दहा रुपयांची टेप घरात असताना काही हजारांची लेप्टिनची तपासणी, याला काखेत कळसा म्हणतात.

मग करायचं काय? लेप्टिन कमी करायची गोळी नाही, आणि ‘लेप्टिन रिसेट’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांच्या नादी लागू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार आहे. चरबी उतरली की लेप्टिन तिच्या मागून उतरतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला प्रशांतन सँडर्स यांच्या चमूने एएफ आणि २७ किंवा जास्त बीएमआय असलेल्या ३५५ जणांचा पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं त्यांच्यातले सुमारे ४६ टक्के लोक औषध किंवा अब्लेशन (हृदयात नळी घालून ठोका बिघडवणारी जागा निकामी करणं) न करता ठोक्याच्या त्रासातून मोकळे राहिले. ज्यांचं ३ टक्क्यांपेक्षा कमी उतरलं त्यांच्यात हे प्रमाण होतं सुमारे १३. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा अभ्यास नव्हता. नेटाने वजन उतरवणारा माणूस बाकीची पथ्यंही पाळतो, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असेल. पण दिशा माझ्या ओपीडीत दिसते तीच आहे. आणखी एक: ज्यांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त खालीवर होत राहिलं, त्यांचा बराचसा फायदा गेला. म्हणून लग्नसराईआधी दोन महिन्यांचा धडाका आणि नंतर पंगतीत सगळं वसूल, हे नको. तुमच्यासाठी १० टक्के म्हणजे साडेआठ किलो. वर्ष घ्या.

माझे एक रुग्ण आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांनी आहारतज्ज्ञ, ॲप काही केलं नाही. संध्याकाळी सातला जेवण, दुपारच्या चारऐवजी दोन पोळ्या, रोज पाऊण तास भराभर चालणं, आणि मित्रांबरोबरची शनिवारची बैठक बंद. चौदा महिन्यांनी आले तेव्हा कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन जादा भोकं होती. आधी महिन्यातून तीन-चारदा धडधड व्हायची, त्या वर्षात दोनदाच झाली. त्यांचं लेप्टिन मी कधी तपासलं नाही. या सगळ्यात शनिवारच्या बैठकीचा वाटा किती, हेही मला वेगळं काढता येणार नाही. नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांवरच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत दारू सोडलेल्या गटात ५३ टक्क्यांना एएफ परत आलं, चालू ठेवलेल्यांत ७३ टक्क्यांना. तुम्ही पिण्याबद्दल प्रश्नात काही लिहिलं नाहीत. लिहिलं नाही म्हणजे पीत नाही असं मी धरत नाही.

सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांबद्दल कुणीतरी विचारणारच. वजन उतरतं, काही रुग्णांना मी देतोही. पण त्यांनी नाडी मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते, आणि थांबवल्यावर वजन परतायला लागतं. कुणाला द्यायचं हे साखर, खिसा आणि माणूस बघून ठरतं.

बाकी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून मी ठरवू शकत नाही. तुमचा रक्तदाब तुम्ही कळवलेला नाही. तो खरोखर वाढलेला असेल, मधुमेह निघाला, तर तुमच्याही पक्षाघाताच्या गुणांचा हिशेब बदलतो. इकोत डावा वरचा कप्पा मोठा झाला असेल तर वजनाची वाट बघत न बसता अब्लेशनबद्दल लवकर बोलावं लागेल. तो साधा असेल, झटके क्वचित आणि छोटे असतील, तर आधी वर्षभर ही मेहनत करायला सवड आहे. झटक्यात चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला, तर यातलं काही न आठवता सरळ इमर्जन्सी गाठायची.

घड्याळाचा इशारा पुन्हा आला तर घाबरून ॲप बंद करू नका. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर हात टेबलावर टेकवून पूर्ण ३० सेकंदांची नोंद घ्या आणि पीडीएफ ठेवून द्या. मला रुग्णाने हातात दिलेली अशी एक पट्टी दहा पानी हार्मोन रिपोर्टापेक्षा जास्त कामाची वाटते. आणि पट्टीवर तारीख-वेळेबरोबर आदल्या संध्याकाळी काय खाल्लं, काय प्यायलं, किती वाजता झोपलात, तेही लिहीत चला.

वडिलांचा टीएसएच, क्रिएटिनिन आणि जुना इको घेऊन या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे जा. गोळ्यांचा डबा बरोबर न्या, यादी नको, डबाच.